केसभर सरकणारी स्वाती

मित्रांनो, वय लपवायची मला सवय नाही. मी चोवीस वर्षांची जुनी दुर्बीण आहे. दुकानात मिळते तशी चकचकीत, तीन पायांवर उभी राहणारी मात्र नव्हे. माझं अंग म्हणजे सांडपाण्याचा आठ इंची पाइप आणि माझा डोळा म्हणजे एका मोडलेल्या जहाजाच्या खिडकीची काच. माझं कुळ हे असं आहे, आणि त्याची मला लाज नाही. मी जे पाहिलं ते भल्याभल्या महागड्या दुर्बिणींनी पाहिलेलं नाही. तेच सांगायला आज बसले आहे. म्हणजे, उभीच आहे. बसणं मला जमत नाही.

मला घडवलं चंद्रप्रकाश गोरक्षकरांनी. मुलुंड पूर्वेला त्यांना सगळे अण्णा म्हणत. भांडुपच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे नकाशे काढायचे. एका रविवारी ते दारूखान्याला गेले. तिथे जुनी जहाजं तोडतात. तिथून त्यांनी एक जाडजूड गोल काच पिशवीत घालून घरी आणली. गच्चीवर पाण्याचं रिकामं पिंप उपडं ठेवलं, त्यावर एक साधी काच खाली, ही काच वर, मध्ये खरखरीत पावडर आणि पाणी. मग पिंपाभोवती गोल फिरत अण्णा काच घासायला लागले. दहा वर्षांची त्यांची मुलगी रेवती फेऱ्या मोजायची. अशी तीन महिने घासाघीस झाली तेव्हा माझा डोळा मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोल झाला. मग त्यावर चांदीसारखा मुलामा चढला आणि काचेचा आरसा झाला. सव्वा मिलिमीटरसाठी तीन महिने घासणारा माणूस कसा असेल, हे तुम्हीच ठरवा.

पाइपाला आतून काळा रंग दिला. आरसा तळाशी बसवला आणि तीन स्क्रूंनी पक्का केला. त्याच्याशेजारी अण्णांनी लाल रंगात लिहिलं, ‘हात लावू नये’. डोळा लावायची नळी माझ्या वरच्या टोकाला बाजूला आहे. त्यामुळे मी सरळ वर बघत असले तरी माणसाला मान वाकडी करावी लागत नाही. समोर बघायचं आणि डोक्यावरचं आकाश दिसतं. नळीच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन बारीक रेघा हव्या होत्या. अण्णांनी रेवतीच्या वेणीतले दोन केस मागून घेतले, ताणून चिकटवले, आणि रेघा तयार झाल्या. रेवती दोन दिवस मिरवत होती, “माझे केस दुर्बिणीत आहेत.”

मला फिरायला चाकं नाहीत, वळायला मान नाही. गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीला अण्णांनी मला दोन पट्ट्यांनी उभी जखडली. वजन बांधलेल्या दोरीचा ओळंबा सोडला, तो माझ्या अंगाला जिथे वर आणि खाली टेकला तिथे दोन चरे मारले, आणि म्हणाले, “आता ही एकदम सरळ.” आजूबाजूला बारा-चौदा मजली इमारती वर येत होत्या. पूर्व गेली होती, पश्चिम जाणार होती. राहिलं होतं ते फक्त डोक्यावरचं आकाश. शेजारचे हसले, म्हणाले, “अण्णा, एवढी मेहनत केलीत आणि दुर्बीण फक्त वरच बघणार?” अण्णा शांतपणे म्हणाले, “जिची वाट बघायचीय ती वरूनच जाते.”

तिचं नाव स्वाती. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की जो ठळक नारिंगी तारा लागतो, ती ही. तुमच्या आजीने सांगितलं असेल की स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो. मोत्यांचं मला ठाऊक नाही, माझ्या पाइपात थेंब पडला की डागच पडतो. पण स्वातीबद्दल मला जे ठाऊक आहे ते ऐका. ती आपल्या सूर्याच्या पंचवीसपट रुंद आहे. तरी सूर्यापेक्षा थंड आहे. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. फार तापलं की पांढरं दिसतं, जरा निवलं की नारिंगी. स्वाती त्या निवलेल्या लोखंडासारखी नारिंगी आहे. ती सूर्यापेक्षा वयाने मोठी आहे. पोटातलं मुख्य इंधन संपलं तेव्हा ती फुगून एवढी झाली. आपल्या सूर्याचंही एक दिवस असंच होणार आहे, पण अभ्यास टाळण्याइतकं ते जवळ नाही. तिच्याकडून प्रकाश निघाला की आपल्यापर्यंत पोचायला सदतीस वर्षं लागतात. माझ्यातून ती दिसते ती चघळून चघळून अगदी शेवटी जिभेवर उरलेल्या संत्र्याच्या गोळीसारखी. मला ती फार आवडते. हे सांगायला मी कधीच संकोचले नाही.

दर सव्वीस जानेवारीला सकाळी सहा वाजून चौतीस मिनिटांनी स्वाती मुलुंडच्या डोक्यावरून जायची. सूर्य उगवायला तेव्हा पाऊण तासाहून थोडा कमी वेळ असतो. आकाश निळं व्हायला लागलेलं असतं, पण स्वाती टिकून असते. अण्णांना सुट्टी असायची. खाली आवारात झेंडावंदनाची तयारी चाललेली असायची आणि वर आमचं तिघांचं काम. मी हलत नाही, त्यामुळे स्वाती माझ्या नजरेच्या एका कडेने आत यायची आणि साडेतीन मिनिटांत दुसऱ्या कडेने निघून जायची. रेवती घड्याळ बघून सेकंद मोजायची. अण्णा नळीला डोळा लावून श्वास धरायचे. उभ्या केसाला स्वाती टेकली की ते म्हणायचे, “आली!” आणि मग आलेखाच्या कागदाच्या एका पट्टीवर पेन्सिलीने ठिपका काढायचे. पट्टीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, नकाशावर असते तशी चौकट होती. त्यात नाव, पत्ता, तारीख. सवयच होती त्यांना. ती पट्टी माझ्या पोटात, आतल्या बाजूला चिकटवलेली असायची.

पहिल्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, स्वाती आडव्या केसावरून अगदी काठीवर मुंगी चालावी तशी चालत गेली. अण्णांनी रेवतीला उचलून घेतलं. मला वाटलं, आपला जन्म सुफळ झाला.

दुसऱ्या वर्षी ती केसावरून गेली नाही. केसाला खेटून, दक्षिणेच्या बाजूने गेली. अंतर किती, तर एका केसाच्या जाडीएवढं. अण्णा म्हणाले, “माझीच नजर चुकली असेल.” तिसऱ्या वर्षी दोन केस. पाचव्या वर्षी चार. ठिपके उतरणीला लागले. अण्णांची झोप उडाली.

आता इथे अण्णांनी चूक केली. त्यांच्यासारखाच माणूस ती करू जाणे. रेवती तेव्हा कॉलेजला जाऊ लागली होती. ती म्हणाली, “अण्णा, एकदा ओळंबा सोडून बघा ना. चरे मारलेत तुम्हीच.”

“दोरीला वारा लागतो. दोरी ताणते,” अण्णा म्हणाले. “तारा जागचा हलत नाही, रेवती. हजार वर्षांपूर्वीही तो तिथेच होता. दोरीपेक्षा तारा खरा.”

“मग हललं काय?”

“भिंत,” अण्णा म्हणाले. “आपली बिल्डिंग दक्षिणेला कलतेय.”

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी सरळ आहे, चऱ्याला चरा जुळतोय, बघा तरी! पण पाइपाला आवाज असतो तो फक्त पाणी वाहिल्यावर. दोन हजार बारा सालच्या सव्वीस जानेवारीला अकरावा ठिपका पडला. पहिल्यापासून दहा केस खाली. अण्णांनी त्याच्याखाली लाल अक्षरात लिहिलं, ‘इमारत कलली’, आणि ती पट्टी घेऊन ते सोसायटीच्या सभेत गेले.

पुढचं मला गच्चीवर येणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. लोक घाबरले. दुसऱ्या मजल्यावरचं एक म्हातारं जोडपं त्याच दिवशी सामान बांधून लेकीकडे गेलं. बायका मुलांना खाली खेळायला पाठवेनात. इंजिनियर आले, तीन दिवस मोजमाप केलं. इमारत फुटपट्टीसारखी सरळ निघाली. मग पुन्हा सभा झाली आणि तिथे एक जण म्हणाला, “अण्णा, बिल्डिंग सरळ आहे. वाकडं दुसरंच काहीतरी आहे.” सगळी सभा हसली.

त्या संध्याकाळी अण्णा वर आले. पट्टी त्यांनी पुन्हा माझ्या पोटात चिकटवली, कारण फाडायची त्यांच्याने होईना. स्टीलच्या डब्याचं झाकण माझ्या तोंडावर घट्ट बसवलं. म्हणाले, “माझ्या डोळ्यांत खोट आहे गं. तुझ्यात नाही.” मग ते खाली गेले. ते पुन्हा कधीच वर आले नाहीत.

मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या झाकणावर कबुतरांच्या किती पिढ्या वाढल्या याची गणती नाही. दर वर्षी सव्वीस जानेवारीला खालून राष्ट्रगीत ऐकू यायचं आणि मला कळायचं, आत्ता ती वरून गेली असणार. अशी अकरा वर्षं गेली. मग इमारत पाडून नवी बांधायची ठरलं. रेवतीचं लग्न झालं होतं, ती अण्णांना ठाण्याला आपल्या घरी घेऊन गेली. सामान काढणाऱ्यांनी मला उखडलं. कोणीतरी म्हणालं, “हा पाइप चांगला आहे,” आणि मी भंगाराच्या टेम्पोत गेले.

गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडे दोन वर्षं मी पाइपांच्या ढिगात आडवी पडून होते. आयुष्यात पहिल्यांदा आडवी. मग गेल्या डिसेंबरमध्ये राजाराम वानखडे नावाचा गवंडी आला. त्याला मोरीसाठी आठ इंची पाइप हवा होता. त्याने माझ्यावर टिचकी मारली, खांद्यावर घेतलं आणि घरी नेलं. बुद्धविहारासमोरच्या चौकात त्याचं घर होतं, त्यानेच बांधलेलं. त्याने मला दोन विटांवर ठेवलं आणि करवत काढली.

खरं सांगते, मी घाबरले. करवतीचा पहिला दात माझ्या अंगात रुतला. त्याची खूण अजून आहे, तळापासून वीतभर वर.

“बाबा, थांब! थांब ना!” त्याची मुलगी सपना कामावरून येत होती. घाटकोपरच्या एका चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवते. माझं झाकण भंगारातच निघालं होतं, त्यामुळे उघड्या तोंडातून तिला तळाशी काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. ती गुडघ्यावर बसली, मोबाइलचा उजेड आत टाकला.

“काय हाय?” राजारामने विचारलं.

“आरसा आहे. पण दाढीचा नाय, बाबा. हा मधे खोल आहे. हाताने घासलाय कुणीतरी. मशीनवर असा नाय होत.” मग तिने उजेड वर सरकवला आणि तिला पट्टी दिसली. “अकरा ठिपके. सगळे सव्वीस जानेवारी. सहा चौतीस. स्वाती तारा.” आणि मग तिने शेवटची लाल अक्षरं वाचली. “इमारत कलली.”

राजारामने करवत खाली ठेवली. जालन्याकडून आलेला, उभं आयुष्य भिंती चढवलेला तो माणूस. इमारत कलली हे शब्द त्याला झोंबले. “कोनची इमारत? कोन म्हनतं?”

“मुलुंडची. चंद्रप्रकाश गोरक्षकर.”

“त्यानं वळंबा लावून पाह्यला का पन?”

मी मनात म्हटलं, अण्णा, हा माणूस तुम्हाला चौदा वर्षं आधी भेटायला हवा होता.

काच ओळखणारे हात मला पुन्हा मिळाले. सपनाने ‘हात लावू नये’ वाचलं आणि त्या तीन स्क्रूंना तिने खरोखर हात लावला नाही. आरसा जागच्या जागी ठेवून तिने आधी फुंकणीने धूळ उडवली, मग शुद्ध पाण्याने धुतला, पण पुसला नाही. कडेला मुलामा उडाला होता, मधला भाग शाबूत होता. नळीतला आडवा केस टिकला होता, उभा तुटला होता. तिने स्वतःचा एक केस काढून तिथे ताणून बसवला. राजारामने चौकाकडच्या भिंतीला मला उभी केली. ओळंबा सोडला. अण्णांच्या दोन चऱ्यांना दोरी टेकेपर्यंत त्याने पट्ट्यांखाली पाचरी ठोकल्या, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “आता देवाला बी हालायची न्हाई.” सपना म्हणाली, “देव कशाला, बाबा?” तो म्हणाला, “बरं, कुनालाबी.”

चोवीस जानेवारीच्या सकाळी नळांना पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या आणि सपना माझ्यासमोर उभी होती. तारा रोज चार मिनिटं आधी येतो, म्हणजे सव्वीसला सहा चौतीस तर चोवीसला सहा बेचाळीस, हा हिशेब तिने केला होता. आणि बरोबर वेळेला स्वाती आली. चौदा वर्षांनी! तीच, तशीच नारिंगी. सपना म्हणाली, “आईशप्पथ, काय रंग आहे!” मग ती पुन्हा नळीला चिकटली. स्वाती आडव्या केसावरून चालत होती. अगदी केसावरून.

“बाबा, हे जमत नाय,” ती म्हणाली. “दहा वर्षांत ही दहा केस खाली गेली होती. आता पहिल्या ठिपक्यावर कशी काय?”

राजारामने पुन्हा ओळंबा सोडून बघितला. “पाइप सरळ हाय. मला तेवढंच कळतं.”

मुलुंडच्या त्या जागी आता नवी इमारत चढत होती आणि तिथल्या कामावर राजारामच्या ओळखीचे दोन मिस्त्री होते. त्यांनी तिथल्या ऑफिसातून गोरक्षकरांचा नंबर मिळवून दिला. सपनाने माझ्याशेजारी उभं राहूनच फोन लावला आणि आवाज मोठा केला. रेवतीचा आवाज मी लगेच ओळखला. सेकंद मोजणारा आवाज होता तो.

सगळं ऐकून ती रडू लागली. मग म्हणाली, “सपना, तुला नाही समजणार. त्या सभेनंतर अण्णा संपलेच. नकाशे सोडले, पेन्सिल सोडली. गॅस बंद केलाय की नाही, हेसुद्धा आता मला विचारतात. स्वतः बघून आले तरी विचारतात. म्हणतात, माझ्या बघण्यावर विश्वास नको ठेवूस.” मग फोनवर खुडबुड झाली आणि अण्णा आले. आवाज किती बारीक झाला होता त्यांचा.

“काका, तुमचे ठिपके मला चुकीचे नाय वाटत,” सपना म्हणाली. “तुम्ही एकदा येऊन बघा.”

“माझ्या बघण्याने एकदा अख्खी बिल्डिंग घाबरली, पोरी. दोन म्हातारी माणसं घर सोडून गेली. ती पट्टी फाडून टाक.” आणि त्यांनी फोन ठेवला.

सपनाने पट्टी फाडली नाही. तिने रेवतीला निरोप पाठवला, ‘ताई, सव्वीसला सहा चौतीस. साडेतीनच मिनिटं असतात.’

सव्वीस जानेवारीला सकाळी सव्वासहा वाजता रिक्षा चौकाच्या तोंडाशी थांबली. अण्णा आले होते. रेवतीने त्यांना कसं आणलं ते तिलाच ठाऊक. नंतर कळलं की डॉक्टरकडे नेते म्हणून निघाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा काठी टेकत आले, मला बघितलं आणि थबकले. मग माझ्या अंगावरून हात फिरवला. करवतीच्या खुणेवर बोट थांबलं. मी काही बोलू शकले नाही हे बरंच झालं.

पण मित्रांनो, तोपर्यंत एक घोटाळा झाला होता. झेंडावंदनासाठी मंडळाच्या पोरांनी रात्रीच चौकावर मंडप घातला होता. माझ्या तोंडावर सरळ पांढरं कापड! सपनाच्या लक्षात आलं तेव्हा सहा अठ्ठावीस झाले होते.

“बाबा, कापड! वाट लागली!”

समोरचा कार्यकर्ता माइक तपासत होता. तो म्हणाला, “काका, आता नका सोडू यार, पाहुणे येणारेत सातला!” राजाराम म्हणाला, “आरं, धा मिन्टात परत बांधून देतो. चाळीस वर्षं बांबूच्या परांच्याच बांधतोय मी.” बोलता बोलता तो बांबूवर चढलासुद्धा. साठीचा माणूस, पण हात सरावाचे. एक गाठ सुटली, दुसरी सुटेना. सहा एकतीस. अण्णा म्हणाले, “राहू दे रेवती, जाऊ या. हे असंच व्हायचं असतं.” ते वळले. तेवढ्यात दुसरी गाठ सुटली, कापडाचा कोपरा खाली लोंबला आणि माझ्यावर वीतभर निळं आकाश उघडलं. मला तेवढं पुरतं.

“अण्णा,” रेवती म्हणाली. तिने मोबाइल हातात धरला होता. “सहा तेहतीस. दहा सेकंद. अकरा. बारा.”

ती मोजायला लागली आणि अण्णांचे पाय थांबले. काही सवयी माणसापेक्षा जुन्या असतात. त्यांनी काठी सपनाकडे दिली आणि नळीला डोळा लावला.

“काय दिसतंय?” रेवतीने विचारलं.

“मी सांगून काय उपयोग?” अण्णा म्हणाले. मग, “नारिंगी आहे.” मग त्यांनी श्वास धरला. “केसावर आहे.”

“नक्की?”

“केसावर आहे गं! केसावरून चालतेय! आली!”

त्यांनी डोळा काढला तो थेट राजारामवर रोखला. “तुमची भिंत वाकडी असणार.”

राजाराम बांबूवरून उतरला. त्याने खिशातून ओळंबा काढला आणि माझ्या वरच्या चऱ्यावर दोरी धरली. लोखंडी लंबक झुलला, थांबला. दोरी खालच्या चऱ्यावर होती. “बघा सायेब. तुमचेच चरे, माझा वळंबा.”

अण्णा दोरीकडे बघत राहिले. मी त्यांना तीन महिने काच घासताना पाहिलं आहे. त्यांच्या कपाळावरची ती आठी मी विसरले नव्हते.

“मुलुंडलाही दोरी सरळच आली असती,” ते हळू म्हणाले. “मी सोडलीच नाही. दुर्बीण सरळ होती, इमारत सरळ होती, आणि तारा खरोखरच दर वर्षी केसभर सरकत होता.” मग त्यांनी हात पुढे केला. “पेन्सिल आहे का?”

सपनाकडे चष्म्याच्या काचांवर खूण करायची पेन्सिल होती. अण्णांनी पट्टी बाहेर काढून घेतली आणि भिंतीवर टेकवून आकडे मांडायला लागले. मांडता मांडता मोठ्याने बोलत होते. पृथ्वी फिरताना मंद पडलेल्या भोवऱ्यासारखी डुलते. एक डोल पुरा व्हायला सव्वीस हजार वर्षं लागतात. “मला ठाऊक होतं! पण वाटलं, सव्वीस हजार वर्षांचं काम, माझ्या दहा वर्षांत काय दिसणार? आणि ते दिसत होतं. मी घासलेल्या काचेतून दिसत होतं.” पृथ्वी डुलते म्हणून आपल्या डोक्यावर येणारा तारा बदलतो, आणि स्वाती स्वतःही जराशी दक्षिणेला धावते आहे. “एक केस म्हणजे तारा डोक्यावर येण्याची जागा जमिनीवर अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त दक्षिणेला. चोवीस वर्षांचे चोवीस केस. तेरा-चौदा किलोमीटर.” ते थांबले. “रेवती, मुलुंडपासून दक्षिणेला तेरा किलोमीटरवर काय आहे?”

रेवतीने मोबाइलवर बघितलं आणि हसायलाच लागली. “अण्णा, गोवंडी.”

तर मित्रांनो, मी अकरा वर्षं झाकणाखाली आणि दोन वर्षं ढिगाऱ्यात होते, तेव्हाही ती चालत होती. मी उघडी असतानाच पहिल्या सहा वर्षांत तिने भांडुप गाठलं होतं, मग कांजूर, विक्रोळी, घाटकोपर. एकही वर्ष न चुकता, केस केस करत. आणि मी जिथे येऊन पडले तिथेच ती माझ्या डोक्यावर येऊन पोचली. मी अभिमानी आहे हे कबूल. पण अशा वेळी अभिमान वाटायला नको का?

राजाराम वर बघत म्हणाला, “लई लांब असंल ही.”

“आज दिसला तो प्रकाश सदतीस वर्षांपूर्वी निघालाय,” अण्णा म्हणाले.

“तवाच मी बी निघालो जालन्याहून.” राजाराम हसला. “आन दोघं बी गोवंडीलाच आलो म्हना की.”

अण्णांनी पट्टीवर बारावा ठिपका काढला, पहिल्या ठिपक्याच्या रांगेत. ‘इमारत कलली’ यावर एक रेघ मारली, पण खोडून टाकलं नाही. खालची अक्षरं वाचता येतात. त्याखाली लिहिलं, ‘इमारत सरळ. स्वाती गोवंडीला आली.’ आणि कोपऱ्यातल्या चौकटीत आपल्या नावाखाली आणखी दोन नावं घातली, सपना वानखडे आणि राजाराम वानखडे. राजारामने कापड बांधलं, सातला पाहुणे आले, झेंडा वर गेला. अण्णा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. निघताना रेवतीने विचारलं, “अण्णा, घरून येताना गॅस बंद केला होता ना?” ते म्हणाले, “केला होता. मी बघितलंय.” रेवतीने रिक्षाला हात केला.

आता माझं मागणं. जे दिसतं ते लिहून ठेवा. अर्थ लावताना चुकाल, अण्णांसारखी माणसंही चुकतात. पण अर्थ चुकला म्हणून ठिपका खोडू नका आणि बघणं सोडू नका. ओळंबाही सोडा, ताराही बघा. आणि भंगारात पाइप दिसला तर करवत चालवण्याआधी एकदा आत डोकावा.

पुढच्या सव्वीस जानेवारीला स्वाती केसभर दक्षिणेला गेलेली असेल, मानखुर्दच्या बाजूला. जाऊ दे. अण्णा येणार आहेत, सपना सेकंद मोजायला शिकते आहे. मला आता कुठेही हलवू नका. पावसाआधी तेवढं झाकण लावा, आणि वेळेवर काढा.